तीन अंडी आणि बोलणारा उंट
वैद्य-संतांच्या गोष्टी मुलांना कशा सांगाव्यात

कॉस्मस आणि डेमियन हे जुळे भाऊ वैद्यकी करत आणि रुग्णाकडून पैसा घेत नसत. पँटेलिमॉन हा सम्राटाच्या वैद्याकडे शिकलेला तरुण. त्याने गरिबांवर फुकट उपचार सुरू केले आणि शहरातले बाकीचे वैद्य त्याच्यावर जळू लागले. ब्लेझ बिशप होता. घशात माशाचा काटा अडकलेल्या एका मुलाला त्याने वाचवले. फॅबिओला ही रोममधली श्रीमंत बाई, रस्त्याकडेची आजारी माणसे स्वतःच्या खांद्यावर उचलून आणायची. ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या चार शतकांतली ही माणसे. यांच्या गोष्टी मुलांना आवडतात, कारण ताप, जखम, घसा, साप यांची भीती प्रत्येक मुलाला असते. पण त्या नीट सांगणे सोपे नाही, आणि राजूरसारख्या गावात तर नाहीच.

राजूर हे जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातले गाव. महागणपतीच्या टेकडीमुळे ते साऱ्या मराठवाड्याला ठाऊक आहे आणि अंगारकी चतुर्थीला लांबून लांबून लोक इथे पायी येतात. अशा गावात ख्रिस्ती घर असले तर एखाद-दुसरेच, आणि त्याचे जाणे-येणे जालन्याच्या चर्चशी. त्या जालन्याचा मात्र या विषयाशी जुना संबंध आहे. १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री पुढे स्कॉटिश मिशनच्या कामासाठी जालन्याला आले आणि तेव्हाच्या निझामी राज्यात जमीन मिळवून त्यांनी बेथेल हे गाव वसवले. याच मिशनचे इस्पितळ जालन्यात उभे राहिले. त्यामुळे औषध आणि प्रार्थना एकाच आवारात असणे इथल्या ख्रिस्ती माणसाला नवे नाही. नवे आहेत ते हे जुने वैद्य. आपल्याकडच्या संडे स्कूलमध्ये बहुधा प्रेषितांची कृत्ये संपली की गोष्ट थेट विल्यम कॅरीवर उडी मारते. मधली शतके मुलांच्या हाती लागतच नाहीत.

सांगायला बसण्याआधी सांगणाऱ्याने स्वतःशी एक हिशेब करावा. या गोष्टींमध्ये तीन थर एकमेकांत मिसळलेले असतात आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत.

पहिला थर इतिहासाचा. कॉस्मस आणि डेमियन यांच्या बाबतीत तो कमी पण पक्का आहे. सिरियातल्या सायरस या गावी त्यांची समाधी होती. पाचव्या शतकात तिथले बिशप थिओडोरेट त्यांच्या चर्चचा उल्लेख करतात. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने त्यांच्यावरच्या श्रद्धेपोटी त्या गावाची डागडुजी केली. रोममध्ये पोप चौथे फेलिक्स यांनी ५२६ ते ५३० या काळात जुन्या फोरममधल्या इमारतीत त्यांच्या नावाचे चर्च केले. तिथले मोझेइक आजही जागेवर आहे आणि त्यात हे दोघे भाऊ दिसतात. म्हणजे या भावांना लोक फार लवकर, फार दूरवर मानू लागले, एवढे नक्की.

दुसरा थर परंपरेचा. ते अरबस्तानातले, किलिकिया प्रांतात समुद्राकाठच्या एगी गावात वैद्यकी करणारे, सम्राट डायोक्लेशनच्या छळात रक्तसाक्षी झालेले. हे सारे त्यांच्या नंतर लिहिलेल्या चरित्रांतून येते. पूर्वेकडच्या चर्चमध्ये तर याच नावाच्या भावांच्या तीन जोड्या मानल्या जातात आणि त्यांचे सणही वेगवेगळे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला ही गंमत जरूर सांगावी. त्याच माणसांच्या आठवणी तीन प्रदेशांनी तीन प्रकारे जपल्या की जोड्याही तीन होतात, हे मुलाला पटकन कळते. ज्ञानेश्वरांच्या किंवा एकनाथांच्या गोष्टी दोन गावांत दोन तऱ्हांनी ऐकलेल्या मुलाला तर लगेच.

तिसरा थर आपला. ही गोष्ट मी या मुलांना आज का सांगतो आहे? याचे उत्तर एका वाक्यात देता आले नाही तर गोष्ट तयार झालेली नाही असे समजावे. माझ्या मते या सगळ्या गोष्टींचा गाभा चमत्कारात नाही. येशूने शिष्यांना आजारी माणसे बरी करायला पाठवले तेव्हा बजावले होते की तुम्हाला हे फुकट मिळाले आहे, तुम्हीही फुकट द्या. मत्तयाच्या दहाव्या अध्यायातली ही आज्ञा काही वैद्यांनी शब्दशः पाळली. गोष्ट तिथे आहे.

आता सांगण्याची रीत. पुस्तक उघडून वाचून दाखवू नये. आपल्याकडे यासाठी तयार घडण आहे, ती कीर्तनाची. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तन उभे केले. पुढे नारायण वामन टिळकांनीही ते केले. पूर्वरंगात एक विचार मांडायचा, उत्तररंगात त्याच विचाराचे आख्यान लावायचे. मुलांसाठी पूर्वरंग दोन-तीन मिनिटांचा पुरे. त्यात उपदेश नको, एक प्रश्न हवा. "तुम्ही आजारी पडलात आणि घरात पैसे नसले तर?" एवढे विचारून थांबावे. मुले बोलू लागतात. कुणाच्या घरी उधारी झालेली असते, कुणी सरकारी दवाखान्यातली रांग सांगते. मग आख्यानाला लागावे.

तीन अंड्यांचे आख्यान साधारण असे लावता येते.

"लेकरांनो, कॉस्मस आणि डेमियन या भावांनी देवाला शब्द दिला होता. औषध द्यायचं, पण कुणाकडून काही घ्यायचं नाही. नाणं नाही, धान्य नाही, काहीच नाही. पॅलाडिया नावाची एक बाई होती. कितीतरी वर्षं अंथरुणाला खिळलेली. सगळे वैद्य करून झाले, गुण नाही. शेवटी या भावांनी उपचार केला आणि ती उठली, चालायला लागली. आता तिला वाटलं, काहीतरी द्यावं. तिच्याकडं होती तीन अंडी. ती डेमियनकडं गेली. तो नको म्हणाला. ती म्हणाली, देवाच्या नावानं तरी घ्या. आता देवाचं नाव घेतल्यावर काय करणार? डेमियननं घेतली. कॉस्मसला कळलं आणि त्याला फार वाईट वाटलं. तो म्हणाला, आपण शब्द मोडला. मी मेल्यावर याला माझ्याशेजारी पुरू नका."

इथे थांबून विचारावे: चूक कुणाची? डेमियनची, कॉस्मसची, की कुणाचीच नाही? मुलांची मते फुटतात आणि फुटू द्यावीत. देणाऱ्या बाईचा मान राखला तो डेमियन, शब्द राखला तो कॉस्मस. काही मुले म्हणतील की दिलेली वस्तू परत केली तर बाईला वाईट वाटले असते. काहींना अंडी म्हणजे फीच वाटेल. सांगणाऱ्याने निवाडा देऊ नये, कारण गोष्ट स्वतःच तो देते.

"पुढं दोघं भाऊ गेले. लोकांना प्रश्न पडला, आता करायचं काय? कॉस्मस तर नको म्हणाला होता. तेवढ्यात एक उंट आला. या भावांनी एकदा त्याला बरं केलं होतं. तो माणसासारखा बोलला: यांना वेगळं करू नका, एकत्रच पुरा. आणि लोकांनी तसंच केलं."

उंट खरंच बोलला का, हा प्रश्न हमखास येतो. याला "श्रद्धा ठेव" हे उत्तर नव्हे आणि "छे, कुठला बोलतोय" हेही नव्हे. सहा-सात वर्षांच्या मुलाला एवढे पुरते: "गोष्ट असं सांगते." मोठ्या मुलाला थर उघडून दाखवावेत. समाधी होती, हा इतिहास. उंट बोलला, ही परंपरा. आणि ज्यांनी ही परंपरा जपली त्यांना वाटत होते की दोन चांगल्या माणसांतले भांडण मेल्यावरही राहू नये. ते सांगायला त्यांनी जनावर निवडले, कारण हे वैद्य जनावरांवरही उपचार करत. बैलाला औषध देणाऱ्या घरातल्या मुलाला यात काही चमत्कारिक वाटत नाही.

पँटेलिमॉनची गोष्ट मराठवाड्यात सांगताना फार जपावे लागते आणि तीच इथे सर्वांत उपयोगाची आहे. तो निकोमेडियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमितचा. आई ख्रिस्ती होती, वडील मात्र ख्रिस्ती नव्हते. वैद्यकी शिकत असताना हर्मोलाउस नावाच्या वृद्ध पाळकाशी त्याची ओळख झाली. परंपरा सांगते की एकदा वाटेत सर्पदंशाने मेलेले मूल त्याला दिसले. त्याने प्रार्थना केली आणि मूल उठले. तिथून तो विश्वासात आला, वडिलांची मालमत्ता हाती आल्यावर त्याने गुलाम सोडले, गरिबांना दिले आणि फुकट वैद्यकी सुरू केली. सुमारे ३०५ साली त्याला मारण्यात आले. चित्रांत त्याच्या एका हातात औषधांची पेटी आणि दुसऱ्या हातात लांब दांड्याचा चमचा असतो.

आपल्याकडे शेतात साप निघतो आणि साप चावलेल्याला आजही आधी मांत्रिकाकडे नेणारे लोक आहेत. अशा वेळी प्रार्थनेने उठलेल्या मुलाची गोष्ट अर्धवट सांगणे धोक्याचे आहे. म्हणून माझा आग्रह असा, की ही गोष्ट चमचा आणि पेटीपासून सुरू करावी, मुलापासून नको. पँटेलिमॉन आधी औषध शिकला, मग प्रार्थना शिकला आणि दोन्ही कधी सोडले नाही. नंतर तिथेच, त्याच बैठकीत, आजचे औषध सांगावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालणारे प्रतिविष आपल्याकडे आहे. मुंबईची हाफकिन संस्था ते बनवत आली आहे. घोड्याला विषाची अगदी थोडी थोडी मात्रा टोचतात, त्याच्या रक्तात विषाशी लढणारे घटक तयार होतात, ते वेगळे काढून औषध करतात. मुले हे तोंड उघडे ठेवून ऐकतात. मग करायचे काय ते त्यांच्याकडून म्हणवून घ्यावे: चावलेला हात किंवा पाय हलवायचा नाही, फळीला बांधून स्थिर ठेवायचा, घट्ट दोरी आवळायची नाही, चिरा मारायचा नाही, तोंडाने विष ओढायचे नाही, १०८ ला फोन करायचा आणि सरळ दवाखाना गाठायचा. वाटेत प्रार्थना करायला कुणाची ना नाही. पण वाट दवाखान्याची असली पाहिजे.

याच गोष्टीनंतर कधीतरी तो दुसरा प्रश्न येतो, ज्याला सांगणारे घाबरतात. "मग माझी आजी का बरी नाही झाली? आम्ही पण प्रार्थना केली होती." याला घाईने उत्तर देऊ नये. विश्वास कमी पडला असे तर कधीच म्हणू नये. त्या एका वाक्याने मूल आयुष्यभर स्वतःला दोष देत राहते. देवाने तिला बोलावून घेतले, हेही लगेच नको, कारण लहान मुलाला मग देवाचीच भीती बसते. आधी आजीबद्दल विचारावे. ती काय करायची, काय खाऊ घालायची. मूल बोलून मोकळे झाल्यावर एक खरी हकिकत सांगावी, जिच्यात चमत्कार नाही. सुमारे २६० साली आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरच्या अलेक्झांड्रियात मोठी साथ आली. तिथले बिशप डायोनिसियस यांचे त्या वेळचे पत्र युसेबियस या इतिहासकाराने जपून ठेवले आहे. लोक आजाऱ्यांना टाकून पळत होते तेव्हा कितीतरी ख्रिस्ती माणसे त्यांच्याजवळ थांबली, त्यांना पाणी पाजले, अंग पुसले, मेल्यावर नीट पुरले, आणि त्यांतले बरेच जण त्याच आजाराने गेले, असे ते लिहितात. सेवा करणारेही वाचले नाहीत. जवळ कुणीतरी होते, एवढेच खरे. आजीजवळही कुणी होते ना, हे मुलाला विचारता येते. पुढे बोलायचे की नाही ते मुलावर सोडावे.

रक्तसाक्ष्यांच्या शेवटाबद्दल थोडक्यात. जुन्या चरित्रांत छळाच्या लांबच लांब याद्या असतात. चाक, आग, समुद्र, जंगली जनावरे. त्या मुलांसमोर मुळीच वाचू नयेत. "सम्राटाने विश्वास सोडायला सांगितले, त्यांनी सोडला नाही, म्हणून त्यांना मारले." एवढे एक वाक्य पुरते.

एक गोष्ट मात्र मी लहान मुलांसाठी बाजूला ठेवीन. तेराव्या शतकातल्या एका प्रसिद्ध संतचरित्रसंग्रहात येते ती. रोममधल्या चर्चच्या एका सेवकाचा पाय सडला होता. स्वप्नात कॉस्मस आणि डेमियन आले, त्यांनी तो पाय कापला आणि नुकत्याच पुरलेल्या एका काळ्या माणसाचा पाय काढून तिथे जोडला. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्सच्या फ्रा अँजेलिकोने याचे सुंदर चित्र काढले. अवयव जोडण्याची ती फार जुनी कल्पना म्हणून डॉक्टरांना तिचे कौतुक असते. पण ज्याचा पाय घेतला त्याला गोष्टीत नाव नाही, त्याला कुणी विचारले नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना ही गोष्ट सांगायची तर याच बाजूने सांगावी: तो माणूस कोण होता? त्याच्या घरच्यांनी काय म्हटले असते? आपल्या गावात ज्यांचे श्रम घेतले जातात आणि नाव घेतले जात नाही, अशांकडे मुले आपणहून वळतात. संतांच्या गोष्टीही तपासून सांगायच्या असतात, हे त्यांना इथे पहिल्यांदा कळते.

राजूरसारख्या गावात गोष्ट ऐकायला शेजारची मुलेही बसतात, आणि बसावीत. ती हिंदू असतात, बौद्ध असतात, मुसलमान असतात. पँटेलिमॉनच्या जुन्या चरित्रात देवळातल्या पुजाऱ्यांशी पैज लागते, त्यांच्या प्रार्थनेने रुग्ण बरा होत नाही आणि याच्या प्रार्थनेने होतो. हा प्रसंग मी गाळीन. गणपतीच्या टेकडीखाली राहणाऱ्या मुलाला ते ऐकून वाटेल की गोष्ट त्याला हरवायला सांगितली आहे. ती त्यासाठी नाही. गाळल्याने गोष्टीचे काही जात नाही. पॅलाडियाच्या तीन अंड्यांना कुठल्याही घरातले मूल आपले म्हणते.

घराघरातला आणखी एक फरक सांगणाऱ्याला माहीत हवा. कॅथलिक घरात संत आपल्यासाठी देवाजवळ विनंती करतो, त्याचा सण असतो. मुंबईत अंधेरीच्या आंबोलीत ब्लेझच्या नावाचे चर्च आहे. कॅथलिक चर्चमध्ये ३ फेब्रुवारीला गळ्याजवळ दोन मेणबत्त्या आडव्या धरून आशीर्वाद देतात. प्रोटेस्टंट घरात संत म्हणजे आपल्याआधी वाट चालून गेलेला विश्वासी. त्याला प्रार्थना करत नाहीत. दोन्ही घरांतली मुले एकत्र असतील तर हे सरळ सांगावे. त्यावरून वाद लागतो तो मोठ्यांमध्ये, मुलांमध्ये नाही. गोव्यात रायतूरला १६५५ साली संत अंतोनीचे चरित्र इथल्या भाषेत छापले गेले होते, त्यामुळे अशा गोष्टी आपल्या मातीत परक्या आहेत असेही नाही.

मोठ्या मुलांना फॅबिओला आणि बेसिल यांच्याकडे न्यावे, कारण तिथून गोष्ट एका वैद्यावरून दवाखान्यावर येते. बेसिल हे पुढे कप्पादुकियातल्या सीझरियाचे बिशप झाले. ३६९ च्या सुमारास तिथे दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी श्रीमंतांची कोठारे उघडायला लावली. पुढे शहराबाहेर मोठे आवार बांधले, जिथे वाटसरू, गरीब, कुष्ठरोगी सगळ्यांना जागा होती, वैद्य होते, स्वयंपाकघर होते. फॅबिओलाने साधारण ३९० साली रोममध्ये आजाऱ्यांसाठी घर उघडले. ती गेल्यावर जेरोम यांनी ३९९ साली लिहिलेल्या पत्रातून तिची माहिती मिळते. तोवर वैद्य बहुधा घरोघर जाई. इथे आजाऱ्यासाठीच घर बांधले गेले. दुष्काळाचे नाव काढले की जालन्याच्या मुलांना टँकर आठवतो, चारा छावणी आठवते. बेसिल त्यांना लगेच कळतो.

तिथून जामखेडला यायला वेळ लागत नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती डॉक्टर दांपत्य १९७० साली तिथे आले. दवाखाना काढून थांबले नाहीत. गावोगावच्या बायकांना, त्यांत शाळा न शिकलेल्या आणि दलित वस्तीतल्या बायकाही होत्या, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. बाळंतपण, लसीकरण, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी हे त्या बायका करू लागल्या. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मुलांना इथे एक शंका येते, ती घ्यावी: "मग आजचे डॉक्टर पैसे का घेतात? ते वाईट का?" नाही. डॉक्टरचेही घर चालावे लागते आणि औषधाला पैसा लागतो. कॉस्मस-डेमियनच्या काळी एकट्या वैद्याने जे सोसले ते आज सरकारी दवाखान्याने, धर्मादाय इस्पितळाने, सगळ्यांच्या करातून सोसायचे असते. म्हणून आरोग्य केंद्रात औषध आहे का, डॉक्टर येतात का, हे विचारणे हेही त्या भावांच्याच कामातले आहे.

वर्षभर सांगायचे तर तीन तारखा धराव्यात. ३ फेब्रुवारीला ब्लेझ, लहानांसाठी. सहाव्या शतकातल्या एटियस या वैद्याच्या ग्रंथातही घशात काही अडकल्यावर ब्लेझचे नाव घेण्याचा उल्लेख आहे, हे मोठ्यांना सांगावे, आणि लहानांना बोर किंवा चिंचोका गिळायचा नाही हे त्याच दिवशी सांगावे. २७ जुलैला पँटेलिमॉन. तेव्हा पेरण्या झालेल्या असतात, निंदणी चालू असते, गवत वाढलेले असते आणि नागपंचमी जवळ आलेली असते. सापाची गोष्ट सांगायला याहून बरा आठवडा नाही. २६ सप्टेंबरला कॉस्मस आणि डेमियन. त्या दिवशी सांगणाऱ्याने स्वतः सांगू नये. आधीच्या वर्षी ज्याने अंड्यांच्या प्रश्नावर सर्वांत जास्त वाद घातला त्या मुलाला उभे करावे आणि तो उंटाऐवजी बैल म्हणाला तरी मध्ये बोलू नये.